बालवाङ्मयांतील सत्य

गोष्ट सांगून संपली म्हणजे लहान मूल बहुधा एकच प्रश्न विचारतें: “हें खरं का?” राजकन्येच्या किंवा राक्षसाच्या गोष्टीनंतर हा प्रश्न क्वचित् येतो, आणि आलाच तर उत्तराची वाट न पाहतां तें दुसरी गोष्ट मागतें. पण गोष्टींत आपल्यासारखें घर असलें, आपल्यासारखी आई असली, शाळा, मास्तर, भावंडें असलीं, म्हणजे विचारणाराचा स्वर निराळा लागतो. तें आपल्या तोंडाकडे टक लावून पाहतें. त्याला इतिहासाचा पुरावा नको असतो. जगांत असें घडतें काय, आणि उद्यां माझ्या घरीं घडेल काय, एवढेंच त्याला विचारावयाचें असतें. या प्रश्नास वडील माणसांनीं काय उत्तर द्यावें, आणि मुलांसाठीं लिहिणारानें तें आपल्या गोष्टींत कसें द्यावें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो जितका वाङ्मयाचा आहे तितकाच नीतीचाही आहे.

विषयास हात घालण्यापूर्वीं आमची स्वतःची एक चूक सांगणें प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घरीं रात्रींच्या जेवणानंतर साने गुरुजींची ‘श्यामची आई’ मोठ्यानें वाचण्याचा परिपाठ आम्हीं ठेविला होता. श्रोता मुख्यतः एकच. आठ-नऊ वर्षांचा आमचा नातू. त्याच सुमारास त्याची आई, म्हणजे आमची सून, आजारी होती. आजार जिवावरचा नव्हता, पण लांबला होता. आणि घरांत औषधांचा वास व दबक्या आवाजांतलें बोलणें हीं नित्याचीं झालीं होतीं. वाचतां वाचतां श्यामच्या आईच्या शेवटच्या आजाराशीं येऊन पोंचलों, आणि आमचा धीर सुटला. पुस्तक तसेंच उघडें धरून, जणूं काय त्यांतलेंच वाचीत आहों अशा स्वरांत, आम्हीं मनचें सांगितलें. वैद्य आला, औषध लागू पडलें, आई बरी झाली, श्याम शिकून मोठा झाला. मुलगा समाधानानें झोंपीं गेला. आपण शहाणपणाचें काम केलें असें आम्हांसही वाटलें.

सून यथावकाश बरी झाली. पुढें दोन वर्षांनीं तेंच पुस्तक मुलानें शाळेंतून आणलें व स्वतः वाचलें. तो आमच्यावर रागावला नाहीं, कीं त्यानें कांहीं विचारलें नाहीं. परंतु तेव्हांपासून आम्ही त्याच्यापुढें कांहींही वाचूं लागलों कीं तो उठून आमच्या मागें येई, खांद्यावरून पुस्तकांत डोकावी आणि शांतपणें म्हणे, “आजोबा, पुस्तकांत असंच आहे ना?” या चार शब्दांनीं आम्हांस जितकें लाजविलें तितकें कोणाच्याही रागानें लाजविलें नसतें.

आमच्या बाजूनें बोलण्यासारखें कांहींच नाहीं असें मात्र नव्हे. प्लेटोनें आपल्या ‘रिपब्लिक’ ग्रंथांत, दायांनीं व आयांनीं मुलांना निवडक आणि संमत अशाच गोष्टी सांगाव्या असा आग्रह धरिला आहे. कोवळ्या मनावर पहिल्यानें उमटलेला ठसा सहसा पुसत नाहीं, हें त्याचें कारण. दोन हजार वर्षांहून अधिक काळ लोटला तरी प्रत्येक आईबाप हाच विचार मनांत बाळगतात. आपल्याकडील स्मृतिकारानेंही सत्य बोलण्याची आज्ञा करतांना अप्रिय सत्यास मज्जाव केला आहे, आणि मुलांपासून कांहीं लपवावयाचें असलें म्हणजे या वचनाचा आधार हटकून घेतला जातो. परंतु आधार घेणारे अर्ध्यावर थांबतात. त्याच वचनांत पुढें प्रिय अशा असत्यासही तितकाच मज्जाव केलेला आहे. या दोन निषेधांमधून जी अरुंद वाट उरते, तीच मुलांसाठीं लिहिणाराची वाट होय.

मग अद्भुत कथांचें काय, असें कोणी विचारील. त्या तर पहिल्यापासून शेवटपर्यंत असत्यच! आमचें उत्तर असें आहे कीं, ज्या गोष्टीच्या आरंभींच आटपाट नगर येतें ती कोणासही फसवीत नाहीं. सांगणारा आणि ऐकणारा यांच्यांत तेथें एक अलिखित करार होतो, आणि तो दोघेही पाळतात. कावळा बोलतो, भोपळ्यांतून म्हातारी जाते, आणि मूल हंसतें. भाजीबाजारांतला भोपळा पाहून कोणी मूल त्यांत बसावयास जात नाहीं. विष्णुशर्म्याच्या पंचतंत्रांतील कोल्हा मनुष्याच्या भाषेंत बोलतो, पण त्याचा कावेबाजपणा मुळींच काल्पनिक नाहीं. तात्पर्य, अद्भुत कथा प्रसंगांच्या बाबतींत मोकळी असते आणि स्वभावाच्या बाबतींत बहुधा खरी असते.

वास्तव कथेचा करार याहून कडक आहे. ‘हें तुझें जग आहे’ असें ती मुलास पहिल्याच वाक्यांत सांगते. ज्यानें हें वचन दिलें त्यानें तें मोडलें तर त्यास खोटेपणा म्हणावें लागतें. आणि आमच्या मतें बालवाङ्मयांत हा खोटेपणा सर्वांत अधिक कोणीं केला असेल तर तो नीति शिकविण्याच्या हेतूनें लिहिलेल्या गोष्टींनीं केला आहे.

हें म्हणतांना पूर्वसूरींचा अनादर करण्याचा आमचा हेतु नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सदाशिव काशिनाथ छत्रे यांनीं इंग्रजीवरून ‘बाळमित्र’ मराठींत आणलें, तेव्हां मुलांनीं वाचावें असें छापील पुस्तक मिळणें हेंच नवल होतें. पुढें १८८१ सालीं विनायक कोंडदेव ओक यांनीं ‘बालबोध’ मासिक काढलें, १९०६ सालीं वासुदेव गोविंद आपटे यांनीं ‘आनंद’ सुरू केलें, आणि मराठी मुलांस वाचनाची गोडी लाविली. हें ऋण मोठें आहे. परंतु मुलांसाठीं लिहिण्याचा प्रघात पडला तसा एक ठराविक सांचाही तयार झाला, आणि तो अजून पुरता मोडलेला नाहीं. सदू खरें बोलतो आणि त्यास बक्षीस मिळतें. गदू खोटें बोलतो आणि झाडावरून पडून त्याचा हात मोडतो. घर, शाळा, झाड, सारें काहीं ओळखीचें. फक्त न्याय तेवढा आटपाट नगरांतला!

मुलानें ही गोष्ट रात्रीं वाचावी आणि सकाळीं शाळेंत जावें. तेथें त्याच्यादेखत खोटें बोलणारा सुटतो, आणि खरें बोलणारास छडी बसते. रोज असें घडत नाहीं, पण घडतें खास. अशा वेळीं मुलापुढें दोनच मार्ग उरतात. पुस्तक खोटें आहे असें तरी त्यानें समजावें, किंवा नीति ही पुस्तकांत ठेवण्याची वस्तु आहे असें तरी समजावें. पहिल्यानें त्याचा वाचनावरील विश्वास उडतो, आणि दुसऱ्यानें त्याहून मौल्यवान असें कांहींतरी जातें. खरें बोलावें तें बक्षिसासाठीं, असें ज्यास शिकविलें, तो बक्षीस बंद होतांच खरें बोलणेंही बंद करील. आणि त्यास दोष देण्याचा अधिकार शिकविणारास उरणार नाहीं.

वास्तव कथेचीं अंगें पाहूं गेल्यास मुख्यतः चार दिसतात: स्थळ, माणसें, अडचण आणि शेवट. पैकीं स्थळाविषयीं फार बोलण्याचें कारण नाहीं. गांवाचें नांव खरें असल्यानें गोष्ट खरी होत नाहीं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुण्याजवळच्या फुरसुंगीचा. ती फुरसुंगी नकाशांत आहे, आणि त्याची सायकल आपण रस्त्यावर पाहिलेली आहे. तरी त्याचीं साहसें सामान्य मुलाच्या वांट्यास येणारीं नव्हेत. लेखकही तसा आव आणीत नाहीं, म्हणून तीं निर्मळ आनंद देतात. स्थळ हें गोष्टीचें अंगण आहे. सत्याची परीक्षा घरांत गेल्यावर होते.

माणसांच्या बाबतींत कसोटी अशी कीं, गोष्टींतलें मूल पूर्ण चांगलें किंवा पूर्ण वाईट नसावें. श्याम हा आईचा भक्त म्हणून प्रसिद्ध आहे. पण पुस्तक वाचणारास ठाऊक आहे कीं तो घरीं आलेल्या पाहुण्याचे पैसे चोरतो. तेही कोणत्या खाऊसाठीं नव्हे, तर पुस्तकें घेऊन शिकून मोठें व्हावें म्हणून! चांगल्या इच्छेच्या पोटीं वाईट कृत्य कसें जन्मास येतें हें यांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें सदूगदूंच्या शंभर गोष्टींत दिसणार नाहीं. आईसुद्धां तेथें निव्वळ मायेची मूर्ति नाहीं. पोहण्याच्या भीतीनें लपून बसलेल्या श्यामला ती मारते, आणि त्याच मारानें मागून तिचें मन कळवळतें. आई रागावते, चुकते, रडते, आणि तरी आपलीच असते, हें मुलास घरांत रोज दिसत असतें. पुस्तकांत भेटलें म्हणजे त्याला आपल्या अनुभवास साक्षीदार मिळाल्यासारखें वाटतें.

याहून सूक्ष्म उदाहरण बंगालींत आहे. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ‘पथेर पांचाली’ ही कादंबरी १९२९ सालीं पुस्तकरूपानें निघाली, आणि पुढें मुलांसाठीं तिची संक्षिप्त आवृत्तिही झाली. त्या आवृत्तीस चित्रें सत्यजित राय यांनीं काढलीं. मूळ कादंबरींतील दुर्गा ही गरीब घरची मुलगी. तिच्यावर चोरीचा आळ येतो, ती मार खाते, कबूल होत नाहीं. पुढें तापानें ती मरते. कांहीं काळानें तिच्या धाकट्या भावास, अपूस, चोरीस गेलेली वस्तु घरांतच सांपडते. तो ती कोणासही न सांगतां दूर फेकून देतो. लेखक येथें एका शब्दानेंही न्याय करीत नाहीं. दुर्गेचा मृत्यु हें तिच्या चोरीचें फळ नव्हे. नीतिकथाकारानें तो संबंध लाविल्यावांचून सोडला नसता. आणि अपूनें केलें तें बरें कीं वाईट? हा प्रश्न आम्हीं कित्येकदां स्वतःस विचारला आहे, आणि दर वेळीं उत्तर देण्याआधीं त्या लहान भावाची मूठ डोळ्यांपुढें उभी राहते. ज्या मुलानें ही गोष्ट वाचली त्यास नीतीचा धडा मिळाला नसेल; परंतु दुसऱ्याच्या मनाचें ओझें काय असतें हें त्यास कळलें, आणि नीतीचा आरंभ तेथूनच होतो.

आतां अडचण. मुलांच्या पुष्कळ गोष्टींत अडचण अशी निवडलेली असते कीं ती मुलासच सोडवितां यावी. न सुटलीच तर एखादा श्रीमंत मामा ऐन वेळीं मुंबईहून येतो. ‘श्यामची आई’मध्यें कर्ज आहे, आणि मामा येत नाहीं. सावकाराचा माणूस दारीं येऊन टाकून बोलतो, घरादारावर जप्ती येते, गांवांत दवंडी पिटली जाते. श्याम यांतलें कांहींही थांबवूं शकत नाहीं. मुलांच्या आयुष्यांतील बऱ्याच अडचणी अशाच असतात. त्या वडिलांच्या असतात, आणि मुलें त्यांच्या छायेंत वाढतात. बापाची नोकरी जाणें, घरांतलें भांडण, आजीचा आजार, यांवर मुलाची सत्ता नसते. मग त्याच्या हातीं काय उरतें? अशा दिवसांत आपण कसें वागावें, एवढेंच. गांवच्या लोकांस काय वाटेल याची पर्वा न करितां आई श्यामला एका अस्पृश्य म्हातारीची मोळी उचलूं लागावयास पाठविते. त्यानें कर्ज फिटत नाहीं आणि बक्षीसही मिळत नाहीं. तरी तें कृत्य करण्याजोगें होतें हें वाचणारास पटतें. आणि फळाचा लोभ न दाखवितां चांगुलपणा पटविणें हेंच वास्तव कथेचें खरें सामर्थ्य आहे.

राहिला शेवट, आणि सर्वांत कठीण जागा तीच. अमेरिकेंत लुइसा मे आल्कॉट हिनें १८६८ सालीं चार बहिणींची गोष्ट लिहिली, ती पुढें शांता शेळके यांनीं ‘चौघीजणी’ या नांवानें मराठींत आणली. पहिला भाग वाचून मुलींनीं लेखिकेस पत्रें लिहिलीं कीं ज्योचें लग्न शेजारच्या लॉरीशीं लावा. लेखिकेनें तें ऐकलें नाहीं. १८६९ मध्यें निघालेल्या दुसऱ्या भागांत तें लग्न तर झालें नाहींच, उलट सर्वांची लाडकी बेथ मरण पावली. वाचकांनीं तें पुस्तक टाकून दिलें काय? दीडशें वर्षें झालीं, मुली बेथसाठीं रडतात आणि पुस्तक आपल्या लेंकींच्या हातीं देतात.

तथापि, शेवट दुःखाचा असला म्हणजे गोष्ट आपोआप खरी होते, हा नवा भ्रम आहे, आणि तोही घातकच. एकेकाळीं गोष्टीस बक्षिसाची फोडणी देत; हल्लीं कोणी कोणी मरणाची देतात. ज्या दुःखास कारण नाहीं, परिणाम नाहीं, सोबत नाहीं, तें मुलापुढें ठेवणें म्हणजे त्याला अंधाऱ्या खोलींत ढकलून बाहेरून कडी लावणें आहे. खरें जग तसेंही नाहीं. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या पिढ्यान् पिढ्या मुलांस हंसवीत आला. तें हंसूं कांहीं कमी वास्तव नव्हे. ज्या घरांत दारिद्र्य असतें त्या घरांतही मुलें खेळतात, भांडतात, एकमेकांच्या खोड्या काढतात. ‘श्यामची आई’मध्यें अश्रु फार आहेत असा आक्षेप घेतला जातो, आणि त्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. पण त्याच पुस्तकांत अळणी भाजीची गोष्टही आहे. मीठ घालावयास विसरलेल्या आईस वाईट वाटूं नये म्हणून वडील ती भाजी मुकाट्यानें जेवतात. मोठ्या दुःखाच्या कडेला अशा लहान सुखांची नोंद ज्यानें ठेविली तो लेखक सत्याशीं इमानी आहे.

आणि याहूनही महत्त्वाची एक गोष्ट त्या पुस्तकांत आहे. नाशिकच्या तुरुंगांत १९३३ सालच्या फेब्रुवारींत, अवघ्या पांच दिवसांत तें लिहिलें गेलें, आणि १९३५ मध्यें प्रसिद्ध झालें, हें सर्वश्रुत आहे. पण त्याच्या रचनेकडे आमचें लक्ष फार उशिरां गेलें. आईच्या आठवणी सांगणारा श्याम हा मोठा झालेला श्याम आहे. रात्रीं आश्रमांत, मित्रांच्या मेळाव्यांत बसून तो सांगतो आहे. म्हणजे ज्या मुलाची आई जाणार आहे तें मूल त्या दुःखांतून पार पडलें, माणसांत आलें, आणि आतां त्या आठवणीनें इतरांस कांहीं देत आहे, हें ऐकणारास पहिल्या रात्रींच कळून चुकलेलें असतें. श्याम घरीं पोंचतो तेव्हां आईची राख तेवढी उरलेली असते. यांत लेखकानें यत्किंचितही सूट दिलेली नाहीं. पण तें ऐकतांना श्रोते भोंवतीं बसलेले आहेत. सत्य पुरतें सांगावयाचें, आणि सांगतांना मुलास एकटें सोडावयाचें नाहीं; स्मृतिकाराच्या दोन निषेधांमधली ती अरुंद वाट म्हणतात ती हीच. जी सोबत लेखकानें सिद्ध करून ठेविली होती ती न ओळखतां आम्हीं तीं पानेंच गाळलीं, आणि आमच्या नातवास एका परक्या, सुखान्त खोटेपणाच्या स्वाधीन केलें.

मुलास सत्य सोसत नाहीं असें आपण म्हणतों. कठोपनिषदांतील नचिकेत्याची कथा याच्या अगदीं उलट सांगते. बाप यज्ञांत दान म्हणून म्हाताऱ्या, आटलेल्या गाई देतो. इतर कोणी बोलत नाहीं. पोराच्या ध्यानांत मात्र तें ढोंग येतें. मृत्यूच्या दारीं गेल्यावर तो मृत्यूविषयींच विचारतो. यम त्यास हत्ती, घोडे, सोनें, दीर्घायुष्य, काय वाटेल तें देऊं करितो. फक्त तेवढें एक विचारूं नको म्हणतो. आम्हीं आमच्या नातवास सांगितलेली गोष्ट अशाच हत्तीघोड्यांपैकीं होती. नचिकेता तीं घेत नाहीं, आणि शेवटीं यमही त्याच्यापुढें नमतो. त्याला योग्य श्रोता मानून बोलूं लागतो. मुलांस योग्य श्रोता मानणें, हीच बालवाङ्मयाची पहिली पायरी असें आम्हांस वाटतें.

येथें कोणी वयाचा मुद्दा काढील, आणि तो रास्त आहे. पांच वर्षांच्या मुलास जें सांगावयाचें तें दहा वर्षांच्या मुलास सांगण्यासारखें नसतें. कांहीं न सांगणें, थोडें सांगणें, ‘हें तूं मोठा झालास कीं वाचूं’ म्हणून पुस्तक मिटणें, हे सर्व प्रामाणिक मार्ग आहेत. आम्हांस ते मोकळे होते. आम्हीं पत्करला तो मार्ग निराळा होता. आम्हीं पुस्तकाच्या तोंडीं खोटें घातलें.

एवढें लिहून झाल्यावर शेवट सांगितला पाहिजे. गेल्या पावसाळ्यांत एका रात्रीं आम्हीं होऊनच तें पुस्तक नातवाच्या हातीं दिलें, आणि गाळलेलीं प्रकरणें त्यानें आम्हांस वाचून दाखवावींत असें सांगितलें. त्यानें वाचलीं. मध्यें एकदोनदां त्याचा आवाज अडखळला. स्वयंपाकघरांतून त्याची आई बाहेर आली आणि हात पुशीत त्याच्याजवळ बसली. वाचून झाल्यावर त्यानें विचारलें, “आजोबा, तेव्हां हें का नाही वाचलंत?” आम्हीं खरें तें सांगितलें. तूं भिशील असें आम्ही मनाशीं म्हणत होतों. पण भीति आम्हांसच वाटली होती.

त्यानें आईकडे पाहिलें, मान हालविली आणि पुस्तक मिटलें. वाचण्याचा परिपाठ पुन्हां सुरू झाला आहे. आतां तो पूर्वींप्रमाणें समोर बसून ऐकतो.